रशियातले प्रादेशिक पक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियाबद्दल मराठीत लिहायला लागल्यापासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येत राहतो: एवढा अवाढव्य देश, शंभराहून जास्त लोकसमूह, तितक्याच भाषा, आणि तरी तिथे एकही प्रादेशिक पक्ष कसा नाही? विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, मुलांना तिकडे शिकायला पाठवलेले पालक असतात, आणि सोव्हिएत काळातली मराठी मासिकं वाचत मोठे झालेले ज्येष्ठही असतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. रशिया खरंच संघराज्य आहे का, की नुसतं नावाला?

राज्यघटनेत तसं स्पष्ट लिहिलं आहे. १२ डिसेंबर १९९३च्या सार्वमतात मंजूर झालेल्या या घटनेत ८९ घटक होते: तातारस्तान, बाश्कोर्तोस्तान, याकुतिया यांसारखी प्रजासत्ताकं, मग ओब्लास्त आणि क्राय म्हणजे साधे प्रांत, काही स्वायत्त भाग, आणि मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग ही शहरं. २००५ ते २००८ या काळात काही लहान घटक शेजाऱ्यांत विलीन झाले आणि संख्या ८३वर आली. पुढे मॉस्कोनं २०१४मध्ये क्रिमिया व सेव्हास्तोपोल आणि २०२२मध्ये युक्रेनचे आणखी चार प्रांत आपल्या यादीत घातले. जगातले बहुसंख्य देश ते मान्य करत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतात.

माझं मत विचाराल तर १९९०च्या दशकातला रशिया विस्कळीत होता, पण संघराज्य होता. २०००नंतर मात्र केंद्रानं एकेक धागा आपल्याकडे ओढून घेतला. प्रांतांवर सात मोठे विभाग आणि त्यांवर राष्ट्राध्यक्षांचे प्रतिनिधी आले, गव्हर्नरांची (म्हणजे प्रांतांच्या तेव्हा निवडून येणाऱ्या प्रमुखांची) वरिष्ठ सभागृहातली हक्काची जागा गेली, आणि पाठोपाठ पक्षांचा कायदा आला (प्रश्न ३).

२. कम्युनिस्ट राजवटीत प्रादेशिक पक्ष होते का?

नाही. एकच पक्ष होता आणि त्याचं नेतृत्व घटनेच्या सहाव्या कलमात नोंदलेलं होतं. ते कलम मार्च १९९०मध्ये बदललं. पण त्या काळानं एक वारसा मागे ठेवला: प्रत्येक प्रांतात पक्षाचा प्रथम सचिव असे आणि कारखाना, शेती, पोलीस, वर्तमानपत्र सगळं त्याच्या शब्दावर चाले. तातारस्तानचे मिंतिमेर शाइमियेव आधी याच पदावर होते, नंतर तिथले अध्यक्ष झाले आणि २०१०पर्यंत राहिले. पक्ष गेला, पण सचिवाची ती यंत्रणा शाबूत राहिली. पुढचं पुष्कळसं यातून समजतं.

३. "प्रादेशिक पक्षांना बंदी" असं कायद्यात लिहिलं आहे का?

त्या शब्दांत नाही, आणि गोम तिथेच आहे. ११ जुलै २००१ रोजी सही झालेल्या पक्षांच्या कायद्यानं पक्षाची व्याख्याच अशी केली की प्रादेशिक पक्ष तीत बसणार नाही. पक्ष म्हणून नोंदणी हवी तर देशातल्या निम्म्याहून जास्त घटकांत शाखा हव्यात आणि एकूण १०,००० सदस्य हवेत. २००४च्या अखेरीस हा आकडा ५०,०००वर नेला (पुढे तो घटला, प्रश्न ९). शिवाय व्यवसाय, वंश, राष्ट्रीयत्व किंवा धर्म यांच्या आधारावर पक्ष काढायला वेगळी मनाई आहे.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते पाहा. समजा सखालिन बेटावरच्या मच्छीमारांना मासेमारीच्या परवान्यांसाठी आपला पक्ष काढायचा आहे. त्यांना आधी हजारो किलोमीटर पलीकडे स्मोलेन्स्कमध्ये, दागेस्तानमध्ये, कुठकुठे शाखा उघडाव्या लागतील. तिथल्या माणसाला सखालिनच्या माशांशी काय घेणंदेणं? आणि ही अट फक्त मॉस्कोतल्या संसदेपुरती असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं. सखालिनच्या स्वतःच्या विधानसभेसाठीही उमेदवारांची यादी देण्याचा हक्क फक्त देशव्यापी पक्षांनाच आहे.

४. मग १९९०च्या दशकात असे पक्ष होते का?

होते, आणि त्यांतला सगळ्यांत लक्षात राहणारा उरलमधला. येकातेरिनबर्ग ही स्वेर्दलोव्स्क प्रांताची राजधानी, अवजड उद्योगांचा बालेकिल्ला. तिथल्या लोकांची तक्रार साधी होती: आम्ही कर भरतो प्रजासत्ताकांपेक्षा जास्त, मग आमचा दर्जा त्यांच्यापेक्षा खाली का? एप्रिल १९९३मध्ये प्रांतात लोकांचं मत घेतलं तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त मतं समान दर्जाच्या बाजूनं पडली. जुलैमध्ये "उरल प्रजासत्ताक" जाहीर झालं, ऑक्टोबरअखेर त्याची घटनाही मंजूर झाली. ९ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी ते बरखास्त केलं आणि प्रांतप्रमुख एदुआर्द रोसेल यांना पदावरून काढलं.

त्या काळात छापलेल्या "उरल फ्रँक"च्या नोटा आजही संग्राहकांकडे दिसतात. त्यांवर छापील साल आहे १९९१. त्या देशाचं अधिकृत चलन कधीच झाल्या नाहीत, पण आपला प्रांत आपल्या पायावर उभा राहू शकतो हा विश्वास कुणाला तरी नोटा छापण्याइतका वाटला होता.

रोसेल घरी बसले नाहीत. त्यांनी "उरलचा कायापालट" अशा अर्थाच्या नावाची संघटना उभी केली, ऑगस्ट १९९५मध्ये मॉस्कोनं नेमलेल्या प्रमुखाला हरवून गव्हर्नर झाले, आणि त्यांच्या संघटनेनं प्रांताच्या विधानसभेतही जम बसवला. फुटून निघायची मागणी त्यांनी केली नव्हती. रशियात राहूनच बरोबरीचा हक्क मागितला होता. पुढे वाचताना हे लक्षात असू द्या, कारण बंदीचं समर्थन होतं ते फुटीरतेच्या भीतीवरच (प्रश्न ६).

५. एकट्या उरलमध्येच का? बाकीच्या गव्हर्नरांनी पक्ष का नाही काढले?

हा मला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. पक्ष लागतो कशाला? पैसा जमवायला, उमेदवाराला ओळख द्यायला, कार्यकर्ते फिरवायला. गव्हर्नरकडे हे सगळं आधीच होतं. प्रांतातला मोठा कारखाना, सरकारी दूरचित्रवाणी, जिल्ह्याजिल्ह्यातले नेमलेले अधिकारी, सगळे त्याच्या हाताखाली. मग पक्ष काढून आपल्याच माणसांना आपल्याला जाब विचारायचा हक्क कशाला द्या? त्यामुळे बहुतेक प्रांतिक विधानसभांत त्या दशकात अपक्षांचीच गर्दी होती. कागदावर अपक्ष, प्रत्यक्षात गव्हर्नरांचे किंवा एखाद्या कंपनीचे.

फटका १९९९मध्ये बसला. मॉस्कोचे महापौर लुझकोव्ह, शाइमियेव आणि इतर काही प्रबळ प्रांतप्रमुख माजी पंतप्रधान प्रिमाकोव्ह यांच्यासह "फादरलँड – ऑल रशिया" या आघाडीत एकत्र आले. क्रेमलिननं घाईघाईनं उभ्या केलेल्या "युनिटी"ला डिसेंबरच्या निवडणुकीत २३ टक्के मतं मिळाली, यांना १३. गव्हर्नरांनी वारा ओळखला. दोन वर्षांत दोन्ही गट विलीन होऊन "युनायटेड रशिया" हा सत्ताधारी पक्ष झाला. कायद्यानं दार बंद होत होतं तेव्हा ते उघडं ठेवायला कुणाचे कार्यकर्ते उभे राहणार? कार्यकर्ते असलेले पक्ष बांधलेच नव्हते.

६. बंदीला कुणी न्यायालयात आव्हान दिलं का?

दिलं, कालिनिनग्रादच्या बाल्टिक रिपब्लिकन पक्षानं. नकाशा उघडून पाहा: कालिनिनग्राद पोलंड आणि लिथुआनिया यांच्या मध्ये आहे, उरलेल्या रशियाला जमिनीनं जोडलेला नाही. २००४मध्ये हे दोन्ही शेजारी युरोपीय संघात गेले. व्हिसा, मालाची वाहतूक, सीमाशुल्क, यातले तिथले प्रश्न सायबेरियातल्या माणसाला पडतच नाहीत. स्वतंत्र पक्ष हवा असं वाटायला याहून सबळ कारण कुठल्या प्रांताकडे असेल?

१ फेब्रुवारी २००५ रोजी घटना न्यायालयानं बंदी वैध ठरवली. भूमिका थोडक्यात अशी: रशियन समाजाला लोकशाहीचा पक्का अनुभव अजून आलेला नाही, केवळ आपल्या प्रांताचं हित पाहणारे पक्ष देशाच्या एकसंधतेला बाधा आणू शकतात, आणि ही मर्यादा तात्पुरत्या स्वरूपाची आहे. परिस्थिती बदलली की ती उठली पाहिजे, असं न्यायालयाचं म्हणणं. ती अजून उठलेली नाही. पोहण्याचा अनुभव नाही म्हणून पाण्यात उतरू द्यायचं नाही, तर अनुभव येणार कुठून?

७. पण युगोस्लाव्हिया प्रादेशिक पक्षांमुळेच फुटला ना? मग मॉस्कोची भीती चूक कशी?

भीती खोटी नाही. फुटून निघू पाहणाऱ्या चेचन्यात दोन युद्धं झाली आणि सोव्हिएत संघ लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळला होता. पण युगोस्लाव्हियाचं उदाहरण नीट पाहायला हवं. १९९०मध्ये तिथे स्लोव्हेनिया, क्रोएशिया अशा प्रत्येक घटकात बहुपक्षीय निवडणुका झाल्या, संपूर्ण देशाची बहुपक्षीय निवडणूक मात्र कधीच झाली नाही. म्हणजे प्रत्येक प्रांताकडे लोकांनी निवडलेलं सरकार होतं आणि केंद्राकडे ते बळ नव्हतं. स्पेननं उलट क्रम घेतला: १९७७मध्ये आधी देशाची निवडणूक, नंतर घटना, आणि बास्क व कातालोनियाच्या विधानसभा १९८०मध्ये. तिथे प्रादेशिक पक्ष आजही जोरात आहेत, वादही कडवट होतात, पण देश एक आहे.

२००१च्या रशियात तर देशाची संसद आणि राष्ट्राध्यक्ष निवडून आलेले होते आणि बळकट होते. तेव्हा युगोस्लाव्हियाचा दाखला तिथे लागू पडत नाही.

८. गव्हर्नर तरी कुठे लोकशाहीवादी होते? त्यांना लगाम घातला ते बरंच झालं नाही का?

तक्रारीत तथ्य आहे. काल्मिकिया प्रजासत्ताकात किरसान इल्युमझिनोव्ह १९९३ ते २०१० सत्तेवर होते. अनेक प्रांतांत वर्तमानपत्रांची गळचेपी झाली, विरोधकांचे अर्ज बाद झाले. प्रांताची सत्ता आणि प्रांतातल्या लोकांची सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्यच करायला हवं.

पण उपाय काय झाला? बेस्लानच्या शाळेवरच्या हल्ल्यानंतर सप्टेंबर २००४मध्ये गव्हर्नरांच्या थेट निवडणुका बंद करण्याची घोषणा झाली. मनमानी करणाऱ्या गव्हर्नरला मतपेटीतून घालवायचा रस्ताच गेला. नेमणूक मॉस्कोतून होऊ लागली. विधानसभेत भक्कम स्थानिक विरोधी पक्ष असता तर लगाम प्रांतातल्या लोकांच्याच हाती आला असता. २०१२मध्ये थेट निवडणुका परतल्या, पण अर्ज भरायला नगरपालिका-पंचायतींच्या सदस्यांच्या ५ ते १० टक्के सह्या लागतात आणि त्या बहुतेक ठिकाणी सत्ताधाऱ्यांच्या मुठीत असतात.

९. आता पक्षाला ५०० सदस्यच पुरतात असं वाचलं. मग बंदी उठली ना?

नाही. २०११च्या अखेरच्या निदर्शनांनंतर एप्रिल २०१२मध्ये ५००ची अट आली आणि नोंदणीकृत पक्ष सातवरून काही डझनांवर गेले. पण निम्म्या घटकांत शाखा असण्याची अट तशीच राहिली. एका प्रांतातले पाच लाख लोक मिळूनही पक्ष काढू शकत नाहीत; चाळीसेक प्रांतांत मूठमूठ माणसं दाखवणारा मॉस्कोतला गट मात्र काढू शकतो.

१०. आघाडी करून किंवा अपक्ष म्हणून पळवाट काढता येते का?

आघाडीची वाट काही काळ खुली होती. नोंदणीकृत पक्षाशी हात मिळवून स्थानिक गट प्रांताच्या नावाची आघाडी उभी करत आणि काही विधानसभांत चांगल्या जागा घेत. २००५मध्ये निवडणूक आघाड्याच बंद केल्या. पुढच्या वर्षी मतपत्रिकेवरचा "वरीलपैकी कुणीही नाही" हा पर्यायही गेला. (आपल्याकडे नोटा आला तो २०१३मध्ये.)

अपक्षांचं म्हणाल तर २००७ आणि २०११मध्ये संसदेच्या सर्व ४५० जागा पक्षांच्या याद्यांवरूनच भरल्या, त्यामुळे अपक्षाला जागाच नव्हती. २०१६पासून निम्म्या जागा मतदारसंघांतून आहेत, पण सह्या गोळा करण्याचा अडथळा मोठा. उरते ती तिसरी वाट: दुसऱ्याची पाटी आपल्या दुकानावर लावायची. ती कशी, ते पुढच्या प्रश्नात.

११. मग प्रांताची नाराजी बाहेर कशी पडते?

खबारोव्स्क. चीनच्या सीमेजवळचा, मॉस्कोपासून सात तासांच्या वेळफरकावरचा हा प्रांत. सप्टेंबर २०१८मध्ये तिथे गव्हर्नरपदासाठी सेर्गेई फुर्गाल उभे होते, झिरिनोव्हस्की यांच्या एलडीपीआर पक्षाकडून. हा पक्ष देशव्यापी आणि कडवा रशियन राष्ट्रवादी. प्रांतांच्या स्वायत्ततेशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण दुसऱ्या फेरीत फुर्गाल यांना जवळपास ७० टक्के मतं पडली आणि युनायटेड रशियाचे विद्यमान गव्हर्नर २८ टक्क्यांवर अडकले. डिसेंबरमध्ये अतिपूर्व विभागाचं मुख्यालय खबारोव्स्कहून व्लादिवोस्तोकला हलवलं. लोकांनी ते शिक्षा म्हणूनच घेतलं. २०१९मध्ये प्रांताच्या विधानसभेत ३६पैकी ३० जागा एलडीपीआरला. लोक पक्षाला मत देत नव्हते, "आपल्या माणसा"ला देत होते.

९ जुलै २०२० रोजी फुर्गाल यांना पंधरा वर्षांपूर्वीच्या खुनांच्या आरोपाखाली अटक करून मॉस्कोला नेलं. दोन दिवसांनी, शनिवारी, शहरानं कधी पाहिली नव्हती एवढी गर्दी रस्त्यावर उतरली. "मी, आम्ही, फुर्गाल" असे फलक. सभेला परवानगी नव्हती, तर लोक म्हणायचे, आम्ही चौकात कबुतरांना दाणे टाकायला आलोय. महिनोन्‌महिने दर शनिवारी हे चाललं. मॉस्कोनं जागेवर त्याच पक्षाचा माणूस पाठवला, मिखाईल देग्त्यार्योव, पण तो व्होल्गाकाठच्या समाराचा. पाटी तीच, माणूस परका, आणि नेमका तोच फरक लोकांना कळत होता. फुर्गाल यांना २०२३मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली. आरोप खरे की खोटे याचा निवाडा मी करत नाही. खबारोव्स्कच्या लोकांचं मागणं एवढंच होतं की खटला आमच्या शहरात, आमच्या ज्यूरीसमोर चालवा. हे मागणं संसदेत लावून धरणारा त्यांचा स्वतःचा पक्ष नव्हता. ज्याच्या नावावर त्यांनी मतं दिली तो पक्ष मॉस्कोचा होता.

१२. तातारस्तानचं वेगळं आहे का? तिथे तरी तातारांचा पक्ष असेल.

नाही. राष्ट्रीयत्वावर आधारित पक्षाला मनाई आहे (प्रश्न ३). १९९०च्या सुमारास इत्तिफाक नावाचा तातार राष्ट्रवादी पक्ष निघाला होता, पण शाइमियेव यांनी रस्त्यावरच्या चळवळीचा दबाव वापरून मॉस्कोशी सौदा स्वतःच केला. मार्च १९९२च्या सार्वमतात ६१ टक्के मतं सार्वभौमत्वाच्या बाजूनं, फेब्रुवारी १९९४मध्ये मॉस्कोशी करार. सौदा दोन कार्यालयांमधला होता, त्यामुळे कार्यालयं बदलली तसा तो विरत गेला. २००७मध्ये नव्यानं झालेल्या कराराची मुदत २०१७मध्ये संपली, नूतनीकरण झालं नाही. २०१८च्या कायद्यानं शाळेत तातार भाषा ऐच्छिक झाली. प्रमुखाचं "अध्यक्ष" हे पदनामही गेलं, आता "रईस" म्हणतात.

लिपीची गोष्ट तर मला फार बोचते. तातारस्ताननं १९९९मध्ये आपल्या भाषेसाठी रोमन लिपी घ्यायचं ठरवलं. २००२मध्ये केंद्रानं कायदा केला की प्रजासत्ताकांच्या राजभाषा सिरिलिकमध्येच, म्हणजे रशियन भाषेच्या लिपीतच, लिहिल्या पाहिजेत. आपली भाषा कोणत्या अक्षरांत लिहायची हेही ठरवायला आपल्या विधानसभेला मुभा नाही, ही कल्पना मराठी माणसानं क्षणभर करून पाहावी.

१३. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं काही म्हटलं का?

हो. सदस्यसंख्या व शाखा अपुऱ्या म्हणून २००७मध्ये रशियाची रिपब्लिकन पार्टी (कालिनिनग्रादच्या पक्षाहून वेगळी) बरखास्त झाली. १२ एप्रिल २०११च्या निकालात युरोपीय न्यायालयानं हा संघटना-स्वातंत्र्याचा भंग ठरवला आणि सांगितलं की असे सरसकट निर्बंध जसजसा काळ जातो तसे समर्थनीय राहत नाहीत. पक्षाची नोंदणी २०१२मध्ये परत मिळाली, प्रादेशिक पक्षांचं दार मात्र बंदच. सप्टेंबर २०२२पासून रशिया त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे, त्यामुळे ही वाटही मिटली.

१४. आपल्याकडच्या प्रादेशिक पक्षांशी तुलना करता येईल का?

करता येईल, सांभाळून. भारतात शंभर मतदार सदस्य दाखवून निवडणूक आयोगाकडे पक्ष नोंदवता येतो. ते सगळे एकाच तालुक्यातले असले तरी चालतं. फुटीरतेचा प्रश्न आपल्यापुढेही होता. १९६३च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनं उमेदवाराला देशाच्या अखंडतेची शपथ घ्यायला लावली. बंधन मागणीवर आलं, पक्षावर नाही. द्रमुकनं वेगळ्या देशाची मागणी सोडली आणि चार वर्षांत मद्रासमध्ये सत्तेवर आला.

जवळचं उदाहरण गोव्याचं. १९६३मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला तो विलीनीकरणाचा झेंडा घेऊन. समोर युनायटेड गोवन्स, तोही प्रादेशिकच. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूनं १,३८,१७० मतं पडली. मगोपचा मुख्य मुद्दाच हरला. तरी दोन-तीन महिन्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच लोकांनी भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा सत्ता दिली. मातृभाषा, ओळख, सीमा, सगळं पणाला लागलेलं असताना दोन प्रादेशिक पक्षांनी तो वाद मतपेटीत नेला आणि निकाल मानला. कालिनिनग्राद किंवा तातारस्तानची राजधानी काझान इथल्या लोकांना ही संधीच मिळाली नाही.

आपले प्रादेशिक पक्ष निर्दोष नाहीत. घराणेशाही आहे, फाटाफूट आहे. पण ते नकोसे झाले तर घरी बसवायचा हक्क मतदाराकडे आहे.

१५. मुलगी काझानला एमबीबीएस करते आहे. तिला यातलं काही दिसेल का? काही जपावं का?

दिसेल. काझानच्या मेट्रोत स्टेशनचं नाव तातार, रशियन आणि इंग्रजीत पुकारलं जातं. रस्त्यांच्या पाट्याही दोन भाषांत आहेत. तातार सिरिलिकमध्ये रशियनपेक्षा सहा अक्षरं जास्त असतात, ती ओळखायला शिकली की पाटीवरची कुठली ओळ कुठल्या भाषेची ते लगेच कळेल. प्रश्न १२ मधल्या लिपीच्या भांडणातलीच ही अक्षरं.

जपायचं म्हणाल तर सभा, निदर्शनं यांपासून दूर राहावं आणि त्यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा त्यात अडकू शकतो. भाषेचा विषय मात्र घरमालकीणबाईंकडे किंवा तातार मैत्रिणींकडे आपुलकीनं काढायला हरकत नाही. "राख्मात" म्हणजे तातारमध्ये धन्यवाद. दुकानात एवढा एक शब्द तिनं म्हणून पाहावा.